हरिपूरचं पेव

खोली स्वस्त होती, एवढंच मला दिसलं.
महिना पस्तीस रुपये, खिडकीतून कृष्णा,
खालच्या मजल्यावर निलाक्का उगारे
आणि परसात झाकलेलं एक पेव.

"तिथं राहताय?" सायकलवाला म्हणाला,
पंप मारायचा थांबला.
"तिचा नवरा कलगोंडा त्याच पेवात हाय, साहेब.
हळदीखाली.
आठ वर्षं झाली, हळद काढली न्हाई तिनं.
भाव चढला, उतरला, परत चढला,
काढली न्हाई.
आता तुम्हीच समजा काय ते."

मी समजलो. विमा कंपनीत कारकून होतो,
समजण्याचाच पगार मिळायचा.

पहिल्या संध्याकाळी ती चहा घेऊन वर आली.
कपाळावर ठसठशीत कुंकू, चहाला वेलदोड्याचा वास.
मी म्हणालो, ठेवा, पितो.
ती जिना उतरताच
कप खिडकीतून कर्दळीच्या बुडाशी रिकामा.
रोज.
दीड महिन्यात कर्दळ छातीला लागली,
लालभडक, उर्मट.
"खत काय घालता वो हिला?"
तिनं माझ्याकडे न बघता विचारलं.
ओठाचा एक कोपरा मात्र जागेवर नव्हता.

प्रेमात पडायला तो कोपरा पुरला.
संशय तरी हलेना.
दोघं माझ्याच खाटेवर झोपायचे,
मी मधे.

अमावस्येला उठलो. पेवाचं तोंड मोकळं केलं,
कंदील दोरीनं खाली सोडला.
दोन पुरुष खोल गेला आणि विझला.
विझला तर उतरू नये, हे हरिपुरात शेंबड्या पोराला ठाऊक.
मी वाईचा. उतरलो.

आठवतं ते एवढंच:
पिवळा अंधार, गुडघ्यांचं झालेलं मेण,
कमरेच्या दोराला बसलेला हिसका,
आणि वरून शिव्या, नदीकाठच्या, अस्सल,
एकही पुन्हा न आलेली.

खुनी बाईनं मला वर ओढलं.
तोंडावर पाणी मारत म्हणाली,
"हळद हाय आत. नुसती हळद.
बाईमाणसानं भावाची वाट बघू न्हाई काय?"

जूनअखेर ऑफिसात पावत्या लावत होतो.
कलगोंडा उगारे. हप्ता एकशे बारा रुपये.
मनीऑर्डर, शिक्का गोकाकचा.
मागचे काढले. बत्तीस हप्ते, एकही न चुकलेला.
बायको सोडून गेलेल्या माणसाला
पॉलिसी काही सोडवली नव्हती.

पावती तिच्यापुढे ठेवली.
तिनं वाचलीच नाही.
"ठाऊक हाय. दुसरी हाय तिथं, दोन पोरं हायती."
मग गावाला सांगत का नाही?
ती तांदूळ निवडत राहिली.
"टाकलेली म्हणाले असते.
कीव करून करून मारलं असतं मला.
आता वाणी मापात मारत न्हाई.
दीर वाटणी मागायला आला न्हाई.
रातच्याला दाराची कडी कोण वाजवत न्हाई.
म्हणू द्या की खुनीण."

त्या दिवसापासून चहा मी प्यालो.
कर्दळ सुकली, गाव माझी तब्येत विचारू लागलं.
सायकलवाला तर हवा भरता भरता
डोळ्यांचा रंग बघून घ्यायचा.

तीन वर्षांनी, एका मार्चअखेर,
गोकाकचा शिक्का आला नाही.
जूनलाही नाही.
मी घरी काही बोललो नाही,
पण कारकुनाच्या तोंडावर शिल्लक लपत नाही.
दुसऱ्या सकाळी तिनं गडी बोलावले, पेव उघडलं.
सगळं हरिपूर जमलं हाडं बघायला.
निघाली साठ पोती हळद, पिवळीधमक.
लोक हिरमुसून घरी गेले.
बाजारात भाव पडलेला होता.
तिनं विकली.

संध्याकाळी चहा घेऊन वर आली,
पहिल्यांदा बसली. हातांचा पिवळा रंग गेला नव्हता.
"तुमचा बी विमा असंल न्हवं?
त्यावर नाव कुणाचं हाय?"
आईचं होतं, म्हणालो. ती वारली.
"मग कोरंच की."
खिडकी उघडी होती.
मी कप उचलला,
खिडकीकडे पाठ केली.